फळीचें दावें

दावें हा शब्द कानीं पडला म्हणजे भीमा आणि नीरा यांच्यामधील मुलखांतल्या शेतकऱ्याला गोठा आठवतो. वासरूं गाईपासून दूर ठेवावयाचें असो, बैल वैरणीपुढें उभा करावयाचा असो, कीं बाजाराच्या दिवशीं शेळी घेऊन इंदापूरची वाट धरावयाची असो, दाव्यावांचून त्याचें चालत नाहीं. दाव्याचे गुणदोष त्याला कोणी शिकवावे लागत नाहींत. तें आंखूड झालें तर जनावर कुचंबतें, लांब झालें तर पायांत गुरफटतें. गांठ सैल बसली तर जनावर रानोमाळ होतें, आणि गळ्याभोंवतीं फांस बसला तर सकाळीं मेलेलें सांपडतें. आजच्या भाषणाचा विषय हेंच दावें आहे. मात्र तें गोठ्यांतलें नसून पाण्यावरचें आहे, आणि त्याच्या टोंकाला जनावराच्या ऐवजीं माणूस बांधलेला आहे. पॅराविंग नांवाचें कापडी शीड हातीं धरून आणि फॉइल लावलेल्या फळीवर उभें राहून जो पाण्यावर धांवतो, त्यानें आपल्या फळीशीं स्वतःला कोणत्या दाव्यानें बांधावें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. फळी, फॉइल आणि पॅराविंग यांचा खर्च लाखांच्या घरांत जातो. त्यामानानें दावें म्हणजे चार-सहा हात प्लॅस्टिकची दोरी. दुकानदार तिला लीश म्हणतो, आणि गिऱ्हाईक तिची निवड पुष्कळदां रंगावरून करतें. परंतु खेळणारा ज्या क्षणीं फळीवरून पाण्यांत पडतो, त्या क्षणीं बाकीचें सारें महागडें साहित्य कुचकामीं ठरतें, आणि ही स्वस्त दोरीच एक तर त्याच्या कामीं येते, नाहीं तर त्याच्या जिवावर उठते. म्हणून तिचा विचार फळी विकत घेण्याच्या आधीं व्हावयास हवा.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम त्याचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. फॉइल म्हणजे पाण्याखालीं चालणारा पंख. फळीच्या तळाला सत्तर ते नव्वद सेंटिमीटर लांबीचा एक पातळ खांब जोडलेला असतो. त्याच्या खालच्या टोंकाला एक मोठा पुढचा पंख आणि एक लहानसा मागचा पंख असतो. फळीला वेग आला कीं पुढचा पंख पाण्याला खालीं लोटतो आणि पाणी पंखाला वर उचलतें. वेग दुप्पट झाला तर ही उचल चौपट होते. एका ठराविक वेगानंतर फळी पाण्यापासून अलग होऊन हवेंत तरंगूं लागते. लाटांचे धक्के व पाण्याचें घर्षण थांबतें, आणि थोडक्या वाऱ्यांतहि माणूस दौडत जातो. ही कल्पना जुनी आहे. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन यंत्रज्ञानें १९०६ मध्यें मॅजोरे सरोवरावर अशा पंखांची नाव चालवून दाखविली. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या पंखवाल्या नावेनें १९१९ मध्यें कॅनडांतील ब्रा दोर सरोवरावर ताशीं ११४ किलोमीटरचा वेग गांठला. दोन्ही प्रयोग सरोवरांवर झाले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. फॉइलला उसळत्या समुद्राची गरज नाहीं. खोल पाणी आणि मोकळा वारा मिळाला म्हणजे त्याचें भागतें.

पॅराविंग हें मात्र अगदीं अलीकडचें साधन आहे. २०२४ च्या सुमारास हवाई बेटांपैकीं माउई येथून तें जगभर पसरूं लागलें. तें एकपदरी पातळ कापडाचें असून त्याला बारीक दोऱ्यांचा जुडगा असतो, आणि त्या दोऱ्या एका आंखूड दांडीला मिळालेल्या असतात. ती दांडी हातीं धरून खेळणारा वारा पकडतो. फळी वर उठली आणि लाटेचें बळ मिळूं लागलें कीं तो कापड गोळा करून कमरेच्या पट्ट्यांत खोंचतो व दोन्ही हात मोकळे ठेवून लाटेवर घसरत जातो. शीड खिशांत घालून फिरण्याची ही सोय पूर्वीच्या कोणत्याहि साधनांत नव्हती. याच सोयींत धोक्याचें मूळ आहे, आणि दाव्याचा प्रश्न तेथूनच निघतो.

पॅराविंगच्या आधीं जो विंग प्रचारांत आला, तो हवा भरलेला असतो. त्याच्या नळ्या टणक फुगलेल्या असतात. फळी हातची निसटली तरी असा विंग पाण्यावर तराफ्यासारखा तरंगतो; थकलेला माणूस त्याच्यावर छाती टेकून विसावूं शकतो आणि तो वाऱ्यावर धरून कांठाकडे सरकूंहि शकतो. पॅराविंगला हवेच्या नळ्या नाहींत. तो पाण्यांत पडला कीं ओल्या धोतरासारखा लोळागोळा होतो. त्यावर हात टेकतां येत नाहीं, आणि फळीवर पाय रोंवल्याशिवाय त्याचा वारा सहसा कामीं येत नाहीं. सारांश, पॅराविंगवाल्याजवळ अंगावरच्या लाइफ जॅकेटाखेरीज तरंगणारी वस्तु एकच असते, ती म्हणजे फळी. ती गेली म्हणजे शीडहि गेलें आणि नावहि गेली.

देशावर विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधण्याची रीत आहे. भोपळा शेजारीं तरंगत असला म्हणून मूल सुरक्षित होत नाहीं. तो अंगाशीं बांधलेला असला तरच त्याचा उपयोग. फळीचेंहि तसेंच आहे. हलकी कार्बनची फळी फॉइल पाण्यांत असेपर्यंत सावकाश सरकते, पण ती उलटून फॉइल वर आलें कीं वारा तिला पुढें लोटीत नेतो. समजा, ती ताशीं चार किलोमीटरनें चालली आहे आणि जॅकेट घातलेला माणूस ताशीं दोन किलोमीटरनें तिच्यामागें पोहत आहे. तर पांच मिनिटांत दोघांमध्यें दीडशें मीटरांहून अधिक अंतर पडतें. दहा मिनिटांनीं लाटांच्या चढउतारांत ती दिसेनाशी होते. येथें पोहण्याचें कौशल्य नव्हे, तर दावेंच उपयोगीं पडतें.

ही गोष्ट इंदापुरास उद्देशून कां सांगावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर गांवाच्या उत्तरेकडे पसरलेल्या पाण्यांत आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पूर्ण झालें आणि त्याच्यामागें यशवंतसागर हा विशाल जलाशय उभा राहिला. त्याची एकूण सांठवण सुमारें ११७ टी.एम.सी. असून त्यांतील निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. म्हणजे कालव्यांना पाणी मिळेनासें झालें तरी जुन्या नदीपात्रांत खोल पाणी उरतेंच. भिगवणच्या उथळ कांठावर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. मध्यभागीं मासेमारांच्या होड्या फिरतात. आणि पैलतीरच्या करमाळा तालुक्यांत जाणारे लोक होडीनेंच मार्ग आंखूड करतात. आषाढ-श्रावणांत पश्चिमेकडून अखंड वारा वाहतो. फॉइलला जें हवें तें सारें येथें आहे. समुद्राऐवजीं गोड्या पाण्याचा विचार ज्या हौशी माणसाच्या मनांत येईल, त्याची दृष्टि या जलाशयाकडे वळल्यावांचून राहणार नाहीं.

पण या पाण्याचा स्वभाव भोळा नाहीं. २१ मे २०२४ रोजीं संध्याकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अकस्मात् सुटलेल्या वादळी वाऱ्यांत उलटली. होडींत सात माणसें होतीं. त्यांपैकीं एक पोलीस अधिकारी पोहत कांठास लागले; बाकीचीं सहा, लहान मुलांसह, बुडालीं. त्यांचे देह हातीं येण्यास शोधपथकांना पुढील दोन दिवस लागले. हा रोजचा रस्ता होता, खेळ नव्हता. वैशाख-ज्येष्ठांत दुपारनंतर वळवाचा ढग भरून येतो, त्याच्या पोटांतून थंड वारा खालीं कोसळतो, आणि जें पाणी घटकेपूर्वीं आरशासारखें होतें तें खवळून उठतें. ज्या जलाशयावर भरलेली होडी उलटते, तेथें लहानशा फळीवर जाणाऱ्यानें ‘आज वारा मंद आहे’ एवढ्या भरंवशावर दावें घरीं ठेवून जाणें हें साहस नसून अविचार होय.

येथवर दाव्याची एक बाजू झाली. दावें नसल्यास माणूस फळीला मुकतो, हें खरें. परंतु दावें असल्यास माणूस कशाकशाला बांधला जातो, याचाहि हिशेब मांडला पाहिजे.

लाटांवर घसरण्याच्या फळीला दावें बांधण्याची रूढि कॅलिफोर्नियांत १९७१ च्या सुमारास सुरू झाली. पॅट ओ'नील या तरुणानें शस्त्रक्रियेच्या उपयोगाच्या रबरी नळीचें दावें केलें. पुष्कळांनीं त्याची चेष्टा केली. बांधलेल्या फळीवर खेळणें हें नवशिक्याचें लक्षण, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं पॅटचे वडील जॅक ओ'नील, ज्यांचें नांव थंड पाण्यांत घालावयाच्या रबरी पोशाखामुळें जगभर झालें, ते असेंच ताणलें जाणारें दावें लावून समुद्रांत असतां फळी ताणाच्या जोरानें उसळून परत आली आणि तिनें त्यांचा डावा डोळा नेला. पुढें रबर मागें पडून कमी ताणल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या दोऱ्या आल्या, पण मूळ धडा जुना झाला नाहीं. दाव्यांत सांठलेला ताण हा ओढलेल्या गलोलीसारखा असतो. साध्या फळीचा धक्का बसला तर सूज येईल. पण फॉइलच्या पंखांच्या कडा पातळ व कठीण असतात, आणि त्या परत येतात तेव्हां सुरीप्रमाणें येतात.

दुसरा धोका अडकण्याचा. उजनीच्या तळाशीं जुनीं गांवें, बांध, विहिरी आणि झाडांचीं खोडें आहेत. पाणी फार उतरलें म्हणजे पळसदेवचें जुनें पळसनाथाचें मंदिर उघडें पडतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मंदिर उघडें पडण्यापूर्वीं तें कांहीं दिवस पाण्याखालीं हातभरावर असतें, याचा विचार थोडेच करतात. बाभळीचीं खोडें तशींच. जलाशयाची पातळी जशी बदलते तसा खालचा धोकाहि आपली जागा बदलतो. गेल्या महिन्यांत ज्या ठिकाणीं निर्धास्त फिरलों, असें कोणी म्हणेल, तें ठिकाण या महिन्यांत निर्धास्त असेलच असें नाहीं. त्यांत मासेमारांचीं जाळीं पसरलेलीं असतात. बारीक नायलॉनच्या जाळ्यांत फॉइल अडकलें आणि फळी जागच्या जागीं थबकली, तर तिच्याशीं बांधलेला माणूसहि तेथेंच थबकतो. वारा पडलेला असेल तर हरकत नाहीं. वारा जोरांत असेल, पॅराविंग हातांतून सुटून दुसऱ्या दोरीनें अंगाला ओढीत असेल, तर तो दोन ताणांच्या मध्यें सांपडतो.

तिसरा धोका वाहत्या पाण्याचा आहे आणि तो सर्वांत भयंकर होय. इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेस नीरा वाहते. तिच्यावर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, आणि वरच्या धरणांतून पाणी सुटलें म्हणजे शांत दिसणारी नदी पाहतां पाहतां ओढ घेऊं लागते. सेकंदाला दोन मीटर वेगाचें पाणी अर्धा चौरस मीटर आडव्या अंगावर सुमारें शंभर किलो वजनाइतका रेटा देतें. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. अशा प्रवाहांत दावें बंधाऱ्याच्या खांबाला किंवा एखाद्या झाडाला अडकलें, तर पाणी माणसाला दाव्याच्या टोंकाला सरळ ताणून धरतें. घोट्याशीं बांधलेली पट्टी सोडण्यासाठीं त्याला कमरेंत वांकून प्रवाहाविरुद्ध हात पुढें न्यावा लागतो, आणि तेंच त्याला करतां येत नाहीं. ३० ऑक्टोबर २०२१ रोजीं वेल्समधील हॅव्हरफोर्डवेस्ट गांवीं नदीच्या बंधाऱ्यावरून वल्ह्याच्या फळ्यांवरील मंडळी खालीं गेली आणि चौघे मृत्युमुखीं पडले. वाहत्या पाण्यांत घोट्याचें दावें मुळींच बांधूं नये, कमरेला ओढतांच सुटणारें दावें बांधावें, असा स्पष्ट उपदेश ब्रिटनमधील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही जीवरक्षक संस्था करते. फॉइलवाल्यानें याहून एक पाऊल पुढें जावें आणि पूर आलेल्या नदींत व बंधाऱ्यांच्या परिसरांत उतरूंच नये.

तेव्हां दावें हवें, आणि दाव्यापासून सुटकाहि हवी. मराठींत गांठींचीं दोन नांवें आहेत. जी ताणली असतां अधिकच घट्ट होते आणि शेवटीं कापावी लागते ती निरगांठ. जी ताण सोसते पण मोकळें टोंक ओढतांच उलगडते ती सुरगांठ. फळीचें दावें आपल्या आपण सुटूं नये, पण धन्यानें सोडतांच सुटावें. म्हणजे तें सुरगांठीच्या जातीचें असावें. हें एक सूत्र ध्यानांत धरलें म्हणजे निवडीचे बाकीचे प्रश्न क्रमाक्रमानें सुटत जातात.

पहिला प्रश्न, दावें अंगाला कोठें बांधावें. घोटा, गुडघ्याखालची पोटरी आणि कमर अशीं तीन स्थळें आहेत. घोट्याचें दावें लाटांवरच्या साध्या फळीला ठीक. परंतु फॉइलवर पाय पुढेंमागें बदलावे लागतात, तेव्हां तें पायाखालीं येतें आणि पडतांना खांबाभोंवतीं वेढा घेतें. पोटरीचें त्याहून बरें, कारण तें पायापासून उंच राहतें. कमरेचें सर्वांत बरें. तेथें दोन्ही हात पोहोंचतात, ताण शरीराच्या मध्यावर येतो आणि पाय मोकळे राहतात. शिवाय पॅराविंग खोंचण्यासाठीं कमरपट्टा बांधलेलाच असतो. मात्र एक पथ्य पाळावें. पॅराविंग ज्या बाजूला खोंचावयाचा त्या बाजूला दाव्याची कडी असूं नये. ती पाठीच्या अंगाला किंवा दुसऱ्या कुशीला असावी. बारीक दोऱ्यांचा जुडगा आणि जाड दावें एकाच ठिकाणीं आलीं म्हणजे पडल्यावर त्यांची जी गुंतागुंत होते, ती पाण्यांत उकलणें कोणालाहि शक्य नाहीं.

दुसरा प्रश्न, दावें सरळ असावें कीं वेटोळ्याचें. सरळ दावें मागें पाण्यांत लोळत जातें. साध्या फळीवर त्याचें फारसें बिघडत नाहीं. पण फॉइलची फळी पाण्यापासून वर असतें तेव्हां लोंबणारी दोरी वेग खाते आणि क्वचित् मागच्या पंखाला अडकते. जुन्या दूरध्वनीच्या तारेसारखें वेटोळें असलेलें दावें आपल्या आपण आंखडून पाण्यावर राहतें. म्हणून फॉइलसाठीं वेटोळ्याचें दावें घ्यावें. त्याचा दोष हा कीं तें ताणलें म्हणजे फळीला परत ओढतें. यासाठीं फार दाट व ताठ वेटोळ्यांचें दावें घेऊं नये, आणि पडतांना फळीपासून दूर झेंप घेऊन पाण्याबाहेर येतांना एक हात डोक्यावर व तोंडासमोर आडवा धरण्याची संवय लावून घ्यावी. डोक्याला हेल्मेट हवेंच.

तिसरा प्रश्न लांबीचा. येथें गोठ्याचाच न्याय लागू पडतो. दावें पुरतें ताणलें असतां माणूस आणि फॉइलचा सर्वांत जवळचा पंख यांमध्यें निदान फळीच्या लांबीइतकें अंतर राहावें, म्हणजे धडपडतांना पाय पंखावर पडत नाहीं. त्याहून फार लांब दावें घेतलें तर तें खांबाला गुंडाळतें. जाडीचें प्रमाण पाण्यावरून ठरवावें. समुद्राच्या फुटत्या लाटेंत, जसें गोव्याच्या मोरजी किनाऱ्यावर, फळीला जबर हिसका बसतो. तेथें जाड दावें घ्यावें लागतें. जलाशयावर फुटती लाट क्वचित्, म्हणून मध्यम जाडीचें चालतें. केवळ वेग वाढावा म्हणून सुतळीसारखें बारीक दावें घेणें मात्र शहाणपणाचें नाहीं. तुटलेलें दावें आणि नसलेलें दावें यांत फरक एवढाच कीं पहिल्यावर माणूस विसंबून राहिलेला असतो.

चौथा प्रश्न सांध्यांचा. दावें सहसा मध्यें तुटत नाहीं. तें टोंकांशीं दगा देतें. दोन्ही टोंकांना भोंवरकडी असावी, म्हणजे पीळ बसत नाहीं. गुरांच्या साखळीला भोंवरकडी कां लावतात हें ज्याला माहीत आहे, त्याला याचें कारण सांगावयास नको. फळीवरच्या खोबणींत जी लहानशी दोरी ओंवलेली असते तिची गांठ दर वेळीं तपासावी, आणि ती दोरी इतकी लांब नसावी कीं ताण आल्यावर फळीची कड कापील. ज्या पट्टीनें दावें शरीराला धरलें जातें, ती चिकटपट्टी चिखल व शेवाळ यांनीं भरली कीं धरीनाशी होते. उजनीच्या कांठचा गाळ तिच्यांत गेला तर ती गोड्या पाण्यानें घांसून धुवावी. दावें उन्हांत टाकून ठेवूं नये. उन्हानें प्लॅस्टिक कडक होऊन त्याला भेगा पडतात. वांकवल्यावर बारीक भेग दिसली कीं दावें बाद समजावें.

पांचवा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुटकेच्या खिटीचा. कमरपट्ट्यावर रंगीत गोळा किंवा वेढा असतो. तो ओढला कीं पट्टा दाव्यासकट उघडतो. तो दोन्ही हातांच्या टप्प्यांत, पोटाच्या बाजूला असावा आणि लाइफ जॅकेटाखालीं झांकला जाऊं नये. विकत घेतांना दुकानांत सैल पट्ट्यावर ती खिटी ओढून पाहणें व्यर्थ आहे. सैल असतां प्रत्येक खिटी सुटते. पूर्ण ताण असतां सुटते ती खरी. म्हणून दावें एखाद्या खांबाला अडकवून, अंगाचा सारा भार मागें टाकून ती ओढून पाहावी. नंतर कमरेइतक्या शांत पाण्यांत, सोबत्याला कांठावर उभा करून, उजव्या हातानें, डाव्या हातानें आणि डोळे मिटून ती सोडण्याचा सराव करावा. गुदमरलेल्या माणसाचा हात विचार करीत नाहीं. तो संवयीनेंच चालतो. पॅराविंगच्या दोरीलाहि अशीच स्वतंत्र खिटी असावी आणि दोन्ही खिट्यांचीं स्थळें वेगळीं असावीं, म्हणजे घाईंत एकीऐवजीं दुसरी सुटणार नाहीं. जाळ्यासाठीं बोथट टोंकाची आंकडीसारखी लहान सुरी जॅकेटाला लावलेली असली तर शेवटचा उपाय म्हणून ती कामीं येते.

कित्येक अनुभवी खेळाडू म्हणतात कीं खिटी म्हणजे आणखी एक बिघडणारी वस्तु. भलत्या वेळीं ती सुटली तर फळी जाते. हा आक्षेप पोकळ नाहीं. उघड्या समुद्रांत, जेथें तळ शेंकडों फूट खालीं आहे आणि अडकण्यासारखें कांहींच नाहीं, तेथें पोटरीचें साधें पक्कें दावेंच बांधावें असें कोणी म्हटलें तर त्याला सहज खोडून काढतां येणार नाहीं. परंतु उजनी हा उघडा समुद्र नव्हे. येथें एका बाजूला वळवाचा वारा फळी पळवून नेतो, आणि दुसऱ्या बाजूला बुडालेलीं खोडें व जाळीं माणसाला धरून ठेवतात. ज्या पाण्यांत निसटण्याचें आणि अडकण्याचें अशीं दोन्ही भयें एकत्र नांदतात, तेथें दोहोंपैकीं एकाच भयावरचा उपाय पुरेसा होत नाहीं. म्हणून या जलाशयापुरता निर्णय असा देतां येतो: कमरेचें, वेटोळ्याचें, मध्यम जाडीचें, दोन्ही टोंकांना भोंवरकडी असलेलें आणि भाराखालीं सुटणाऱ्या खिटीचें दावें.

एवढें करूनहि दावें हें लाइफ जॅकेटाचें काम करीत नाहीं, हें विसरतां कामा नये. दावें फळीला जवळ ठेवतें. डोकें पाण्यावर ठेवतें तें जॅकेट. एक दुसऱ्याच्या बदलीं चालणार नाहीं. तसेंच जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यांतील असल्यानें त्याची अनुमति आधीं घ्यावी, कळाशी-भिगवणच्या बाजूच्या मासेमारांना जाळीं कोठें लावलीं आहेत तें विचारावें, आणि पश्चिमेला ढगांचा डोंगर उभा राहूं लागला कीं कापड गुंडाळून कांठ धरावा. जुन्या मासेमाराला ढगाचा रंग पाहून वाऱ्याची वेळ सांगतां येते. त्याचा सल्ला मागण्यास पैसा पडत नाहीं, आणि तो कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

दावें विकत घेतांना दुकानदार त्याची लांबी, जाडी आणि रंग सांगेल. गिऱ्हाइकानें त्याला एकच प्रश्न विचारावा: भार असतां हें एका हातानें सुटतें का? उत्तर तोंडीं घेऊं नये. तेथल्या तेथें ओढून दाखविण्यास सांगावें.